बायांच्या बाजूचा स्पीकर

१२ ऑक्टोबर, रविवार

आज माझा अपमान झाला की विनोद झाला, हे अजून ठरत नाही.

डोणगावचे गोपाल सर ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतात आणि दर हिवाळ्यात एक नाटक बसवून स्पर्धेत उतरवतात. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "तुम्ही साऊंड करता ना?" मी म्हटलं, हो. "मग आमच्या नाटकाचं साऊंड तुमच्याकडे." फोन ठेवून मी घरभर नाचले. पुण्यात नाटकाच्या ध्वनीचं काम शिकले, पण तिथं लोक माझ्या 'मले-तुले'वर हसले आणि मला वायरी गुंडाळायला दिल्या. जानेफळला परत आले तर गावासाठी मी डीजेवाल्या संघर्षची बहीण. आणि आता खुद्द नाटकवाल्यांचं बोलावणं.

तालमीच्या जागी पोचले तर सगळे माझ्या मागं बघत होते. शेषरावकाका म्हणून एक आहेत, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, नाटकात सासरा करतात. ते म्हणाले, "पोरी, डब्बे कुठी हायेत?"

डब्बे म्हणजे स्पीकर. यांना वाटलं होतं, संघर्ष साऊंडची बहीण येणार म्हणजे गाडीभर सामान घेऊन येणार.

"डब्बे माह्या भावाचे," मी म्हटलं. "मी आवाजाचं काम करते."

"म्हंजे मिमिक्री?"

मी समजावून सांगितलं. नाटकात कुठला आवाज कधी यावा, कुठून यावा, किती यावा, हे ठरवायचं काम. गोपाल सर म्हणाले, "ते तर मी ठरवतो." मग चाचरत, "म्हणजे स्पीकर नाही मिळणार का?"

"मिळतील. पण माझ्यासंगं. मी नाही तर डब्बे नाही."

घेतलं त्यांनी. डब्ब्यांसाठी घेतलं, हे मला माहीत आहे. असू दे. बोट धरू दिलं आहे, मनगट कसं धरायचं ते मी बघते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

नाटक वाचलं. 'सूनबाई आत आहे' असं नाव. सुनेला अंगणवाडीत नोकरी लागली आहे. तिनं ती करावी की सोडावी, हे ओसरीवर बसून सासरा, नवरा आणि एक सोयरा असे तिघं ठरवतात. दीड तास ठरवतात. सून एकदाही दिसत नाही, एकही वाक्य बोलत नाही, आत काम करत असते. शेवटी नोकरी सोडायचं पक्कं होतं, सासरा चहा मागतो, चहा येत नाही. आत जाऊन बघतात तर ती केव्हाच निघून गेलेली.

वाचता वाचता मी उठून बसले. सबंध बाई फक्त आवाजाची! असं काम मला पुण्यात जन्मात मिळालं नसतं.

आणि सरांनी काय लिहून ठेवलं आहे, तर 'आतून बांगड्यांचा नाजूक आवाज', 'पहाटेची कोकिळा', 'दूरवर देवळाची घंटा'. मी विचारलं, "सर, भांडी घासताना तुमच्या घरी बांगड्या नाजूक वाजतात का?" ते म्हणाले, मी कधी लक्ष दिलं नाही. म्हटलं, तेच तर नाटक आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

दुपारभर आमच्या स्वयंपाकघरात ध्वनिमुद्रण. कढई, तवा, पिंपातलं पाणी, डब्याचं झाकण, बॅगची चेन, मागच्या दाराची कडी. सगळं माझ्या हातांनी केलं.

निघून जातानाचा तुकडा केला तेव्हा आई दारात उभी राहून बघत होती. मी भांडी हळूहळू ठेवत गेले, मग शांतता, मग कडी. आई म्हणाली, "अशी नाई जात बाई."

"मग कशी जाते?"

"जानारी बाई भांडे जास्तच वाजवते. बाहीरच्याईले वाटलं पाह्यजे का काम चालू हाये. मंग मंधातच पान्याचा नळ सोडून देते. नळ चालू असला का कोनी पाह्याले येत नाई."

मी तसं केलं. फारच चांगलं झालं. आईला या गोष्टी सुचतात कशा कोण जाणे. विचारलं तर काहीतरी पुटपुटली आणि गोवऱ्या आणायला गेली. हल्ली ती फार पुटपुटते. वयच झालं असेल.

हेडफोन डावीकडून मेला. नवाच घेतला होता. माल काय एकेक खोटा येतो आजकाल.

२ नोव्हेंबर, रविवार

आज तालमीत संघर्षशी कडाक्याचं भांडण. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना एकेक स्पीकर लावला आहे. माजघराचं दार डाव्या अंगाला, म्हणून सुनेचे बहुतेक आवाज डावीकडून. आणि नेमका डावाच स्पीकर दगा देतो. आवाज येतो, पण पोत्यात गुंडाळल्यासारखा.

"तू मले खराब डब्बा देल्ला," मी म्हटलं.

"दोनी एकच हायेत, ताई. परवाच्या वरातीत दोनी फाडून वाजले."

"मग डाव्यातनं काऊन नाई येत?"

"नाचता येईना, आंगन वाकडं," असं म्हणून तो दात काढून हसला. मी हातातली वायर त्याच्या अंगावर फेकली. डाव्याचा आवाज चढवून घेतला, झालं. डीजेवाल्यांचे कानच गेलेले असतात, त्यांना काय कळतंय.

येताना एका ट्रॅक्टरवाल्यानं जवळजवळ उडवलंच. हॉर्न नाही, काही नाही. वर मलाच शिवी देऊन गेला.

५ नोव्हेंबर, बुधवार

नवा हेडफोन आला. हाही डावीकडून मेलेला. परत पाठवला.

१६ नोव्हेंबर, रविवार

डोणगावच्या शाळेच्या पटांगणात पहिला प्रयोग. स्पर्धेआधी गावासमोर करून बघायचा म्हणून. सतरंज्या अंथरल्या होत्या. आमच्याकडं असतं तसंच, डावीकडं बाया, उजवीकडं माणसं, मधून जायला वाट. मी मागं टेबलावर.

पहिली वीस मिनिटं ठीक गेली. ओसरीवर सोयरा म्हणतो, बाईच्या जातीला पगार कशाला, तेव्हा आत मी कढई आपटली आहे. बायांच्या बाजूनं खसखस. पुरुष ओसरीवरच्या सोयऱ्याकडं बघून माना हलवताहेत. मग नवरा म्हणतो, मी तिला समजावतो, ती ऐकेल. आत तव्यावर उलथणं एकदाच खणकतं. बायांत हशा. पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. "काय झालं बे?" असं कोणीतरी विचारलं.

मग बॅगची चेन. एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "निंगाली वो माय!" सगळ्या बाया तिला गप करायला लागल्या, श्श, श्श, जसं काही ओसरीवरचे ऐकतील आणि ती पकडली जाईल. नळ सोडला. कडी वाजली. आणि डाव्या बाजूच्या समद्या बायांनी एकदम श्वास सोडला.

ओसरीवर अजून पंधरा मिनिटं चर्चा बाकी होती! बिचारे तिघं पोटतिडकीनं भांडत होते आणि अर्धं पटांगण पदर तोंडावर धरून हसत होतं. शेषरावकाका म्हणाले, "सूनबाई, चहा टाक वं," तर हसण्याचा असा कल्लोळ उठला की पुढचं वाक्य कोणालाच ऐकू आलं नाही. उजवीकडचे पुरुष मात्र शेवटाला खरंच चकित झाले. तोंडं उघडी.

मी आनंदानं रडायचीच बाकी होते. गोपाल सर तावातावानं आले. "शेवट फोडलास तू! अर्ध्या लोकांना आधीच कळलं! डावा स्पीकर इतका मोठा कशाला?"

"तो मोठा नाही, बरोबर आहे."

तेवढ्यात शेषरावकाकांच्या बायको, कोकिळाकाकू आल्या. सरांना म्हणाल्या, "मास्तर, आमाले तं पैल्या कढईपासूनच मालूम होतं. तुमाले कवा कळलं?"



१७ नोव्हेंबर, सोमवार

सामान उतरवताना संघर्षनं विचारलं, "ताई, डावा पार वरपर्यंत काऊन नेला होता?" म्हटलं, कमी येत होता म्हणून. त्यानं दोन्ही स्पीकर अंगणात लावले, गाणं लावलं. "आता?" डावा कमी. त्यानं स्पीकरची अदलाबदल केली. डावा कमी. वायरी बदलल्या. डावा कमी.

मग तो माझ्याजवळ आला आणि त्यानं माझ्या उजव्या कानावर तळहात दाबला.

गाणं चालू होतं. स्पीकरची जाळी थरथरताना दिसत होती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरांकडं. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. उजवा झाला. डाव्याचं केव्हा सुरू होतं म्हणून वाट बघत बसले. बराच वेळ झाला तरी सुरूच होईना. शेवटी तपासणी करणाऱ्या बाईनं दार उघडलं. मी म्हटलं, मॅडम, चालू करा ना. त्या म्हणाल्या, "झालं, ताई."

डॉक्टर म्हणाले, नस गेली आहे, हळूहळू गेली असेल, परत येणार नाही. उजवा जपायचा. मोठ्या आवाजापासून लांब. काय काम करता? सांगितलं. ते पेन ठेवून म्हणाले, "लाइन बदला. मुलींसाठी दुसरी पुष्कळ कामं आहेत."

आम्ही तिघं होतो त्या खोलीत. डॉक्टर, संघर्ष आणि मी. ते दोघं बोलत होते. हिला शिकवण्या घेता येतील, हिला दुकान टाकून देता येईल. मी स्टुलावर.

रडले. एसटीत खिडकीला तोंड करून रडले. आजच्यापुरतं पुरे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नाही पुरलं. सकाळी परत रडले. मग राग आला. राग आला हे बरं झालं.

स्वयंपाकघरात गेले आणि घासलेली भांडी परत घासायला काढली. कुकर आपटला, परात आपटली, पेले एकात एक कोंबले. भावाच्या वरातींनी माझा कान खाल्ला, आणि तोच मला दुकान टाकून देणार! जगातल्या सगळ्या साऊंडवाल्यांना दोन कान असतील, असू देत बापडे. पुण्यात दोन कानवाले काय दिवे लावत होते ते मी पाहिलं आहे.

बाबा अंगणात खाटेवर होते. पाठमोरे. तिथूनच आईला म्हणाले, "पोट्टी तापली वं. तिले कोनी बोलू नका आज."

मी पातेलं हातात घेऊन उभीच राहिले. ना स्पीकर, ना वायर, ना डावा, ना उजवा. अंगणात पाठ करून बसलेल्या माणसाला माझ्या मनातलं कळलं होतं.

ध्वनिमुद्रण काढून टाकायचं. मी स्वतः विंगेत भांडी घेऊन बसणार. समोर एक माईक. आणि एकच स्पीकर, डावा. उजवा बंद. डावा-उजवा समतोल मला आता कळणार नाही ना? मग समतोलच नको.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

तालमीत सगळ्यांसमोर सांगितलं. लपवायचं कशाला, चोरी थोडीच केली आहे. म्हटलं, माझा डावा कान गेला आहे, पण मी जाणार नाही.

गोपाल सरांना खरंच वाईट वाटलं. डोळे पुसले त्यांनी. आणि मग म्हणाले, अकोल्याचा एक मुलगा बोलावू, लॅपटॉप चालवतो, तू आराम कर, पत्रिकेत नाव तुझंच ठेवू. माया करणारी माणसं किती पटकन तुम्हाला खुर्चीवर बसवून ठेवतात!

"नाव ठेवा तुमच्याजवळच. मले काम पाह्यजे." एकच स्पीकर लावायचं सांगितलं.

"अगं, उजवीकडच्या लोकांना आतलं काही कळणारच नाही!"

"ओसरीवरच्यांना तरी कुठं कळतं, सर?"

त्यांनी ते वाक्य वहीत टिपून घेतलं. मास्तर माणूस, वाक्य आवडलं की विरघळतो. तरी म्हणाले, परीक्षक मधोमध बसतात, तिघांतले दोघं पुरुष, स्पर्धेत असले खेळ नकोत.

तेव्हा शेषरावकाका उठले. "मास्तर, मी एका डायलॉगले थांबतो तं आतून कढई येते. त्या कढईवर माही पुढची ओळ हाये. अकोल्याच्या पोट्ट्यासंगं मी काम नाई करत. मी सून बदलून घेत नसतो."

त्यांच्या बदली सासरा कुठून आणणार? राहिले मी.

३० नोव्हेंबर, रविवार

विंगेतून तालीम. पहिल्या दिवशी परातीनं दगा दिला, नळाऐवजी ड्रममध्ये तांब्यानं पाणी ओतायचं जमवलं. शेषरावकाकांची वाक्यं मला पाठ झाली आहेत; उजवा कान ओसरीकडं करून बसते. गंमत अशी की आता ते जास्त थांबले तर मी पण जास्त थांबते. ध्वनिमुद्रणाला हे कुठं येतं?

७ डिसेंबर, रविवार

काल सहा डिसेंबर. सकाळी विहारात जाऊन अभिवादन केलं आणि दुपारी स्पर्धेसाठी शेगावला निघालो. आज प्रयोग.

सभागृहात पाहते तर खुर्च्या, आणि कुटुंबंच्या कुटुंबं मिसळून बसलेली. नवरा, बायको, पोरं, कचोरीच्या पिशव्या. बायांची बाजूच नाही!  कोकिळाकाकू डोणगावच्या बायांना घेऊन टेम्पोनं आल्या होत्या, त्याही उजवीकडं पसरलेल्या.

पहिली घंटा झाली. मी विंगेतून माईक उचलला आणि वरातीत संघर्ष सांगतो तसं सांगितलं, "समद्या बायांनी डाव्या बाजूले बसा. माणसांनी उजव्या. मंधात कोनी बसू नका. बायांनो, आटपा लवकर." पुण्यात ज्या बोलीवर हसले त्याच बोलीत, खणखणीत.

गोपाल सरांनी कपाळावर हात मारून घेतला. पण खुर्च्या सरकायला लागल्या. देवळातली सवय म्हणा, नाहीतर माईकवरून सांगितलेलं ऐकायची सवय म्हणा. कोकिळाकाकू दांडगाईनं जागा करत होत्या. परीक्षकांचं टेबल मधोमध तसंच राहिलं.

मग पडदा. पुढचं मला नीट आठवत नाही, हातांना आठवतं. कढई, उलथणं, डबा, चेन. भांडी जोरात, आणखी जोरात, मग पाणी सोडलं. मग कडी.

टाळ्या झाल्या! ओसरीवर नवरा वाक्याच्या मधोमध होता. टाळ्या उजवीकडून ऐकू आल्या, मी म्हटलं, बाप्पा, पुरुषांना कळलं! फटीतून डोकावले. पुरुष मख्ख बसलेले, माना वळवून डावीकडं बघताहेत. आणि डावीकडं बाया टाळ्या वाजवताहेत, त्या गेलेल्या बाईसाठी. एक कान असला की सगळं जग त्याच बाजूचं वाटतं. आता दरवेळी मान वळवून बघावं लागणार. बघेन.

१० डिसेंबर, बुधवार

आज निकाल होता. 

पार्श्वसंगीताच्या बक्षिसाला आम्ही पात्रच नव्हतो, नाटकात संगीत नाही म्हणून. मी मनात म्हटलं, चला, मिटलं. मग स्त्री-अभिनयाची प्रमाणपत्रं सुरू झाली. मी आईला फोनवर काहीतरी लिहीत होते. कोकिळाकाकूंनी चिमटा काढला. "तुले बलावून राह्यले!"

निवेदक सांगत होता, "'सूनबाई आत आहे' या नाटकात सूनबाईंची भूमिका करणाऱ्या कलावंतानं मंचावर यावं. त्यांचं नाव आमच्याकडे आलेलं नाही."

त्यांना वाटलं होतं, आत कोणी नटी आहे! गोपाल सर उठून चूक सांगायला लागले, मी त्यांचा सदरा धरून खाली बसवलं आणि वर गेले.

प्रमाणपत्र हातात दिलं. नावाची जागा रिकामी. मुख्य परीक्षकांनी विचारलं, "आपण आत उभ्या राहून संवाद का म्हटले नाहीत?"

"मी नटी नाही. मी ध्वनी करते. भांडी मीच वाजवली."

सभागृहात कुजबुज. त्यांचा चेहरा उतरला. ते बाजूच्या परीक्षकांशी बोलले, नियमावली उघडली. अभिनयाचं प्रमाणपत्र फक्त नट-नटीला, ध्वनी हा अभिनय नव्हे, असं काहीसं. परीक्षकांतल्या बाई मात्र खाली मान घालून हसत होत्या. मी त्यांच्याकडं हात पुढं केला. "मॅडम, पेन देता का?"

दिला त्यांनी. मी टेबलावर वाकून रिकाम्या जागेत लिहिलं, महामाया जानराव अंभोरे. आणि 'अभिनय' या शब्दाच्या शेजारी लिहिलं, ध्वनी. पेन परत केला, नमस्कार केला आणि खाली उतरले.

गोपाल सर आता गाडीत मला सांगत होते की मुख्य परीक्षक माझ्या मागं दोन-तीनदा ओरडले, प्रमाणपत्र परत द्या म्हणून. ओरडले असतील. ते माझ्या डाव्या हाताला उभे होते.